आठ तास हवेत : ग्लायडर वैमानिकाची लघवीची सोय

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. दुसरे विमान त्याला दोराने ओढून वर नेते, किंवा जमिनीवरचे विंच दोर गुंडाळत त्याला पतंगासारखे वर चढवते. दोर सुटल्यावर पुढचा सगळा प्रवास हवेच्या जोरावर होतो. तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा, म्हणजे थर्मल, डोंगराच्या उतारावर आदळून वर वळणारा वारा, आणि डोंगररांगेच्या पलीकडे उंच उठणाऱ्या हवेच्या लाटा, ज्यांना वैमानिक वेव्ह म्हणतात, हे त्याचे तीन आधार. त्यांच्यावर मुरलेला वैमानिक सकाळी उशिरा वर जातो तो ऊन कलल्यावरच उतरतो. सहा-आठ तासांच्या उड्डाणाचे या खेळात कोणाला नवल वाटत नाही. वेव्हवर तर बारा-चौदा तासही निघतात. एवढ्या वेळात निरोगी माणसाला दोन-तीनदा तरी लघवीला जावे लागते, आणि ग्लायडरमध्ये जायला जागाच नसते.

हा विषय चारचौघांत सहसा निघत नाही. नवशिका विचारायला संकोचतो आणि शिकवणाऱ्यालाही पुष्कळदा तो आपणहून काढावासा वाटत नाही. मग पहिल्या लांब उड्डाणाच्या वेळी नवा वैमानिक त्याला सुचेल तो सोपा उपाय करतो : सकाळपासून पाणीच पीत नाही. हा उपाय घातक आहे. म्हणून लघवीची सोय आरामाच्या वस्तूंत न धरता पॅराशूट, प्राणवायू आणि रेडिओ यांच्याच रांगेत धरायला हवी.

एकेरी ग्लायडरचे कॉकपिट खांद्यांना जेमतेम पुरेल एवढे रुंद असते. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून विमानाचे धड शक्य तितके बारीक ठेवलेले असते, त्यामुळे वैमानिक ताठ न बसता मागे रेललेला असतो आणि त्याचे पाय समोरच्या यंत्रफलकाखाली लांब पसरलेले असतात. पाठीला पॅराशूट, डोक्यावर काचेसारखी पारदर्शक कॅनॉपी. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, आणि काही ग्लायडरांत पाचवा दोन पायांमधून वर येऊन बकलात अडकतो. पॅराशूटचे मांड्यांचे पट्टे वेगळेच. विमान वळवण्याची स्टिकही दोन गुडघ्यांच्या मधोमध उभी असते. मोकळीक जिथे हवी नेमकी तिथेच ही सगळी गर्दी. शिवाय बहुतेक ग्लायडरांत स्वयंचालक यंत्रणा नसते, त्यामुळे एक हात कायम स्टिकवर गुंतलेला.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावर ऑगस्ट १९२२ मध्ये आर्थर मार्टेन्सने ‘वाम्पिर’ ग्लायडर तासाहून अधिक वेळ हवेत ठेवले तेव्हा ती मोठी बातमी होती. पुढे आकडे भराभर वाढले. १९३१ च्या डिसेंबरात विल्यम कॉक हा अमेरिकी लष्करी अधिकारी हवाईमधल्या डोंगरकड्यावर एकवीस तासांहून जास्त उडत राहिला. १९३३ मध्ये जर्मनीच्या कुर्ट श्मिटने छत्तीस तास ओलांडले. एप्रिल १९५२ मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीजवळ शार्ल आत्झे ५६ तास १५ मिनिटे एकट्याने हवेत होता. दोन वर्षांनी त्याच भागात बेर्त्राँ दोव्हँ आणि आँरी कुस्ताँ या जोडीने ५७ तास १० मिनिटे गाठली. अशा प्रयत्नांत झोप लागून वैमानिक मरू लागले, तेव्हा आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने, म्हणजे एफएआयने, तासांचे विक्रम नोंदवणे बंद केले.

चढाओढ मग अंतराकडे वळली, पण अंतर कापायलाही तास लागतातच. हान्स-वेर्नर ग्रोस एप्रिल १९७२ मध्ये जर्मनीतल्या ल्युबेकहून निघून फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाच्या बियारित्झला उतरला. हे १,४६० किलोमीटर अंतर एका दिवसात पार झाले. क्लाउस ओलमानने जानेवारी २००३ मध्ये अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या लाटांवर ३,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला, त्यासाठी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतचा दिवस खर्ची पडला. एवढे लांबचे कशाला, एफएआयचा रौप्य बिल्ला ही क्लबातल्या सामान्य सदस्याची पहिली मोठी पायरी, आणि तिच्यासाठीही सलग पाच तासांचे उड्डाण लागते. लघवीचा विचार बहुतेकांना पहिल्यांदा करावा लागतो तो या पाच तासांसाठी. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे विंचने वर जाऊन थोड्याच वेळात परत येणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही. ती येते परदेशात जाऊन लांबची उड्डाणे करू पाहणाऱ्यांना.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे साधारणपणे दिवसाला दीड-दोन लीटर लघवी तयार करतात. मूत्राशयात दीडशे-दोनशे मिलिलीटर साठले की पहिली जाणीव होते आणि चारशे-पाचशेच्या सुमारास ती दाबून ठेवणे कठीण जाते. जमिनीवरच्या या हिशेबाने आठ तासांत अर्धा ते पाऊण लीटर लघवी व्हावी. कॉकपिटमध्ये मात्र हा हिशेब चुकतो, आणि तो वाढीच्या बाजूनेच चुकतो.

पहिले कारण बसण्याची पद्धत. उभ्या किंवा ताठ बसलेल्या माणसाचे बरेचसे रक्त आणि पेशींबाहेरचे पाणी पायांकडे ओढलेले असते. रेलून पाय लांब केले की ते छातीकडे परततात आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या जातात. शरीराची समजूत होते की रक्तात पाणी जास्त झाले आहे. मग हृदयातून मूत्रपिंडांना मीठ-पाणी टाकून देण्याची सूचना देणारे संप्रेरक सुटते आणि पाणी राखून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिनचे प्रमाण घटते. प्रत्यक्षात पाणी तेवढेच असते, फक्त त्याची जागा बदललेली असते. अंतराळवीरांना हा अनुभव जुना आहे. ५ मे १९६१ रोजी अ‍ॅलन शेपर्ड पंधरा मिनिटांच्या अंतराळफेरीसाठी यानात चढला तेव्हा एवढ्याशा वेळासाठी लघवीची सोय केलेलीच नव्हती. उड्डाणाची वेळ लांबत गेली, पाय वर करून पाठीवर पडलेल्या शेपर्डला तासन्‌तास थांबावे लागले आणि शेवटी परवानगी घेऊन त्याने अंतराळपोशाखातच लघवी केली. पुढच्या वर्षी जॉन ग्लेन गेला तो नळी आणि पिशवी लावूनच. स्पेस शटलच्या काळातही उड्डाणाच्या वेळी स्त्री-पुरुष अंतराळवीर शोषक चड्डी घालत, कारण यान सुटण्याआधी त्यांनाही असेच तासन्‌तास पाठीवर पडून राहावे लागे.

दुसरे कारण थंडी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे जमिनीवर तीस अंश असताना तीन हजार मीटरवर दहा-अकरा अंशच उरतात. डोक्यावर ऊन असले तरी यंत्रफलकाखालच्या सावलीतले पाय गारठतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त पुन्हा शरीराच्या मध्यभागी जमा होते आणि वर सांगितलेलेच चक्र फिरते. थंडीच्या दिवसांत वारंवार लघवी लागते तीही याच कारणाने. तिसरे कारण उंची. प्राणवायू विरळ झाल्यावर पहिल्या काही तासांत शरीर जास्त पाणी बाहेर टाकते. डोंगरावर गेलेल्या गिर्यारोहकांना हे चांगले ठाऊक असते. उड्डाणाआधी घेतलेला कडक चहा किंवा कॉफी आणि मनावरचा ताण यांची त्यात भर पडते.

दुसऱ्या बाजूने शरीर वाळतही असते. कॅनॉपीखाली ऊन थेट अंगावर येते. उन्हाळ्यात उड्डाणाच्या आधी रांगेत पट्टे बांधून बसलेला वैमानिक घामाने निथळतो. उंचावरची हवा कोरडी असते, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा जातो. घाम मात्र लगेच सुकतो आणि आपले किती पाणी गेले हे कळत नाही. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून दीड लीटर पाणी कमी झाले की त्याचे वजन दोन टक्क्यांनी घटते. त्या सुमारास लक्ष एकाग्र ठेवणे, आकडेमोड करणे, एखादी गोष्ट थोडा वेळ ध्यानात धरणे या गोष्टी मंदावू लागतात. डोके दुखते, चिडचिड होते. तहान हा या बाबतीत भरवशाचा इशारा नाही. ती लागते तोवर बरेच पाणी गेलेले असते.

या मंदपणाचा सगळ्यात मोठा धोका शेवटच्या तासात असतो. तेव्हा थर्मल ढिले पडू लागतात आणि धावपट्टीपर्यंत पोचू की नाही याची शंका येते. पोचणार नसू तर कोणत्या शेतात उतरायचे हे वेळेवर ठरवायचे असते. पीक किती उंच आहे, वारा कुठून आहे, विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत, बांध आडवा येतो का, हे सारे काही मिनिटांत पाहायचे आणि एकदा शेत ठरले की ते बदलायचे नाही. ताज्या डोक्यालाही हे काम अवघड जाते. सकाळपासून घोटभरच पाणी प्यालेल्या, उन्हात सात तास तापलेल्या माणसाच्या हातून इथे चूक होण्याची शक्यता कितीतरी वाढते, आणि आपली विचारशक्ती मंदावली आहे हे त्या क्षणी त्याचे त्याला उमगत नाही.

पाणी प्यायचे पण लघवी दाबून धरायची, हा दुसरा मार्गही बरा नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या काही संशोधकांनी स्वयंसेवकांना ठरावीक वेळाने पाणी पाजत, लघवी असह्य होईपर्यंत थांबवून त्यांच्या चाचण्या घेतल्या. अगदी शेवटच्या टप्प्यावर त्यांचे लक्ष आणि तात्पुरती स्मरणशक्ती स्पष्टपणे घसरलेली आढळली आणि मोकळे होऊन आल्यावर ती पूर्ववत झाली. वैमानिकाला वेगळी चाचणी लागत नाही. लघवीची कळ आली की त्याचे मन खालच्या धावपट्टीकडे ओढ घेते आणि आजूबाजूच्या विमानांवरचे लक्ष उडते. उतरणे कठीण गेले आणि धक्का जोराचा बसला, तर कमरेच्या पट्ट्याखाली भरलेले मूत्राशय फुटण्याचा धोका असतो. रिकाम्या मूत्राशयाला तो फारच कमी.

मग पाणी प्यायचे कसे? अनुभवी वैमानिक सीटमागे नळीची पाण्याची पिशवी ठेवतात आणि तिची नळी खांद्यावरून तोंडाजवळ आणतात, म्हणजे बाटली शोधायला वाकावे लागत नाही. एकदम अर्धा लीटर प्यायले तर मूत्रपिंडे त्यातले बरेचसे तास-दोन तासांत बाहेर टाकतात. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, असा क्रम बरा. उन्हाळ्यात आठ तासांच्या उड्डाणासाठी दोन ते तीन लीटर पाणी जवळ असावे, त्यात थोडे मीठ-साखर किंवा ओआरएस असले तर शरीरात ते जास्त टिकते. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे पाणी पुरेसे जात आहे. ती गडद झाली तर कमी पडते आहे असे समजावे.

लघवीच्या साधनांमध्ये सगळ्यात साधी प्लॅस्टिकची पिशवी. घट्ट मिटणारी पिशवी दुहेरी करून वापरणारे वैमानिक जगभर आहेत. तिची सुधारलेली आवृत्ती म्हणजे आत शोषक भुकटी असलेली, तोंडाला कडक कडा असलेली पिशवी. लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तीच ही भुकटी. ती काही सेकंदांत द्रवाचा घट्ट लगदा करते, त्यामुळे पिशवी कलंडली तरी सांडत नाही आणि वासही कोंडला जातो. खिशात घडी करून ठेवता येते आणि विमानात काही बदल करावे लागत नाहीत, हा तिचा मोठा फायदा. अडचण बसण्याच्या पद्धतीची. रेललेल्या माणसाची कंबर सीटमधल्या सगळ्यात खोल जागी असते. पिशवी त्याहून खाली धरता येत नाही, आणि कंबर उचलायची तर पट्टे सैल करावे लागतात. हवेच्या एका धक्क्यासरशी सैल पट्ट्यातला माणूस डोक्याने कॅनॉपीवर आदळू शकतो. ज्याला पट्टे न सोडता एका कुशीवर झुकून पिशवी वापरणे जमते त्यालाच ती खरी उपयोगी. भरलेली पिशवी खिडकीतून बाहेर भिरकावायची नसते. ती शेपटीच्या पंखांवर आदळण्याची भीती असते आणि खाली कोण आहे हे वरून दिसत नाही.

नियमाने लांब उड्डाणे करणारे बहुतेक पुरुष वैमानिक मात्र कंडोम कॅथेटर पसंत करतात. कंडोमसारखी शिश्नावर चढवायची ही रुग्णालयातली ओळखीची वस्तू. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला लावून तिची नळी युरोबॅगला, म्हणजे लघवी साठवणाऱ्या पिशवीला जोडतात. मूत्राशयात काही घालावे लागत नाही, सारे बाहेरूनच. ती सिलिकॉनची किंवा लेटेक्सची असते आणि आतून चिकट असते. कंपन्या वेगवेगळ्या मापांत बनवतात आणि माप घ्यायला कागदी पट्टी देतात. माप चुकले की सारेच बिघडते. सैल असेल तर गळते, घट्ट असेल तर काही तासांत ठणका लागतो. लावण्याआधी त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी लागते. तेल किंवा क्रीम राहिले तर चिकटत नाही, आणि आसपासचे केस बारीक कापले नाहीत तर काढताना डोळ्यांत पाणी येते. गुंडाळी उलगडताना टोकाशी एक-दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची, नाहीतर तिथे पीळ पडून वाट बंद होते. मग हाताच्या उबेने ती काही सेकंद दाबून धरायची. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी खरेदी करताना वेष्टन नीट वाचावे.

पुढची नळी दोन ठिकाणी जाऊ शकते. एक म्हणजे पोटरीला बांधलेली किंवा सीटखाली ठेवलेली पिशवी. दुसरी म्हणजे विमानाच्या पोटातून थेट बाहेर. पिशवीच्या बाबतीत उताराचा प्रश्न येतो. सीटची पुढची कड मांड्यांखाली वर उचललेली असते, त्यामुळे नळी मांडीवरून नेली तर ती आधी चढते आणि मग उतरते. त्या चढावर द्रव थांबतो, मागे दाब येतो आणि कॅथेटर सुटते. म्हणून जिथे शक्य असेल तिथे पाचव्या पट्ट्याच्या फटीतून नळी सरळ खाली घेतात. बसल्यावर ती मांडीखाली चेपलेली नाही ना, हे पट्टे आवळून झाल्यावर पुन्हा एकदा चाचपून पाहावे लागते. जमिनीवर उभे असताना छान चालणारी रचना रेलून बसल्यावर बंद पडल्याची उदाहरणे अगणित आहेत.

नळी बाहेर काढायची तर तिचे तोंड कुठे असावे याला महत्त्व येते. लघवीत मीठ असते आणि युरिया असतो, युरिया कुजून अमोनिया होतो. फायबरच्या कवचाला याचा त्रास कमी, पण आतले धातूचे दांडे, चाकाची चौकट, ब्रेक आणि बिजागऱ्या यांना हळूहळू गंज चढतो. तोंड चाकाच्या पुढे असेल तर फवारा थेट चाकाच्या खोबणीत शिरतो आणि तिथून आत पसरतो. शेपटीतल्या दांड्यांपर्यंत तो पोचला तर गंज बाहेरून दिसतही नाही. म्हणून तोंड चाकाच्या मागे, कवचापासून थोडे खाली आलेले आणि मागच्या बाजूला तिरपे कापलेले असावे. तिरप्या कापामुळे वाहती हवा नळीतून बाहेर ओढ घेते. काप पुढच्या बाजूला असेल तर वारा नळीत शिरून सारे उलट वर येते. काही जण वापरताना तेवढी नळी हातभर खाली सरकवतात आणि झाल्यावर आत ओढतात. ही सारी कामे विमानाच्या रचनेत बदल करणारी असल्यामुळे ती परवानाधारक तंत्रज्ञाकडून आणि नोंद करूनच व्हायला हवीत.

वेव्हमध्ये या नळीचा भरवसा नसतो. सहा हजार मीटरवर बाहेरचे तापमान उणे चोवीस अंशांच्या आसपास असते. नळीच्या तोंडाशी राहिलेला थेंब गोठतो, त्यावर दुसरा गोठतो आणि पुढच्या खेपेला वाट बंद झालेली असते. म्हणून उंच जाणारे वैमानिक बाहेरच्या नळीऐवजी कॉकपिटमधल्या पिशवीवरच अवलंबून राहतात आणि ती अंगाजवळ, उबेत ठेवतात.

स्त्री वैमानिकांची सोय आजही पुरुषांइतकी चांगली नाही, आणि याचे मुख्य कारण असे की साधने बनवणाऱ्यांनी बराच काळ त्यांचा विचारच केला नाही. स्त्रियांसाठी एफएआयच्या जागतिक ग्लायडिंग स्पर्धा २००१ मध्ये लिथुआनियात पॉचुनाइला सुरू झाल्या. तेव्हापासून स्पर्धक स्त्रिया दिवसांमागून दिवस लांब उड्डाणे करत आल्या आहेत, त्याही बहुतांशी मोठ्यांच्या डायपरवर. डायपर विमानात काही बदल मागत नाही आणि पट्टे सोडावे लागत नाहीत. पण त्याचा शोषण्याचा वेग लघवीच्या वेगाहून कमी असतो. जाहिरातीतली क्षमता प्रयोगशाळेत मोजलेली असते, तर बसलेल्या शरीराच्या वजनाखाली पुढचा-मागचा भाग दाबला जातो आणि द्रव बाजूने निसटतो. जाणकार स्त्रिया म्हणूनच मूत्राशय पूर्ण भरेपर्यंत थांबत नाहीत. थोडे थोडे, सावकाश सोडत जातात, मध्ये काही मिनिटे थांबतात, म्हणजे भुकटीला शोषायला वेळ मिळतो. डायपरवर पाणी न झिरपणारी चड्डी घालणेही उपयोगी पडते.

फनेलसारखे साधन असते, उभ्याने वापरायला ते बरे. रेलून बसलेल्या स्थितीत ते नीट बसत नाही आणि कंबर उचलावी लागते. कपाच्या आकाराचे, शरीराला चिकटून बसणारे आणि छोट्या बॅटरीच्या पंपाने द्रव पिशवीत ओढणारे साधन त्याहून चांगले. असा प्रकार लढाऊ विमानांच्या वैमानिकांसाठी निघाला. अमेरिकी हवाईदलाने अलीकडे स्त्री वैमानिकांसाठी ‘स्कायड्रेट’ नावाची अशीच व्यवस्था स्वीकारली आहे. रुग्णालयांतही स्त्रियांसाठी बाहेरून लावायची, खेचून घेणारी साधने आता मिळतात. साध्या क्लबातल्या वैमानिकाला ती महाग पडतात, हे खरे. पण ज्यांच्याकडे काहीच सोय नाही त्या स्त्रिया पाणी पिणे टाळतात, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग स्त्रियांना मुळात सहज होत असल्यामुळे त्याची शिक्षा त्यांना दुप्पट भोगावी लागते. बाहेर पडताना स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी न पिण्याची सवय आपल्याकडच्या असंख्य स्त्रियांनाही आहे, आणि तिचे परिणाम त्यांनाही हेच भोगावे लागतात. क्लबांनी शिकाऊ मुलींना ही माहिती पहिल्याच आठवड्यात, एखाद्या अनुभवी बाईकडून, उघडपणे द्यायला हवी.

साधन कोणतेही असो, ते पहिल्यांदा हवेत वापरू नये. पुष्कळांना बसल्या जागी, कपडे घातलेले असताना लघवी होतच नाही. लहानपणापासूनची शिस्त शरीर सहजासहजी मोडत नाही. घरी न्हाणीघरात, रेलून बसून, उड्डाणाचेच कपडे घालून दोन-तीनदा सराव करावा. मग हँगरमध्ये उभ्या ग्लायडरमध्ये पट्टे बांधून नळीतून साधे पाणी सोडून पाहावे.

हवेतली वेळही निवडावी लागते. थर्मलमध्ये गिरक्या घेताना, विशेषतः आजूबाजूला चार-सहा ग्लायडर फिरत असताना, हे काम करायचे नाही. नजर बाहेरून हटली की टक्कर होण्याचा धोका असतो, आणि नळी बाहेर सोडणाऱ्याने खालून वर येणाऱ्या सहकाऱ्याचाही विचार करायला हवा. थर्मलच्या माथ्यावरून निघून पुढच्या ढगाकडे सरळ जाताना, हवा शांत असताना, उंची भरपूर असताना काम उरकावे. आधी विमान ट्रिम करून घ्यावे, म्हणजे स्टिक क्षणभर सुटली तरी नाक वरखाली होत नाही. दोनजणांचे ग्लायडर असेल तर स्पष्ट शब्दांत ताबा दुसऱ्याकडे द्यावा. मुख्य म्हणजे फार लागेपर्यंत थांबू नये. घाईत पट्ट्यांशी झटापट करणारा वैमानिक विमान चालवत नसतो. आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी एकदा मोकळे व्हावे.

शौचासाठी हवेत कोणतीही बरी सोय नाही, ती जमिनीवरच करावी लागते. आदल्या दिवशी चोथा कमी असलेला आहार घ्यावा : भात, अंडी, मासे, सालीशिवायची फळे. हरभरा, राजमा, पावटा, कोबी आणि सोड्याची पेये टाळावीत. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, त्यामुळे आतड्यातला वायू फुगून जवळपास दुप्पट जागा मागतो आणि ते दुखणे सहन होत नाही. सकाळी लवकर उठून पोट साफ होण्यास वेळ द्यावा. पोट बिघडलेले असेल तर त्या दिवशी उडू नये. जुलाब थांबवणारी गोळी घेऊन उडणेही बरे नाही, कारण आतल्या आत पाणी आणि क्षार कमी होतच राहतात.

ग्लायडिंग करणाऱ्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेले बरेच असतात आणि त्यांचे प्रश्न वेगळे. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी वारंवार लागते, सुरू व्हायला वेळ लागतो आणि पूर्ण होत नाही. अशांना पिशवी हातात धरून दोन मिनिटे थांबण्यापेक्षा कंडोम कॅथेटर सोयीचे. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्यांची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नये. मधुमेहात साखर वाढली की लघवीही वाढते. वर्षानुवर्षे कमी पाणी पिऊन उडणाऱ्यांना मूतखड्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि मूतखड्याची कळ अशी अचानक व इतकी तीव्र येते की हातातले विमान सांभाळणे अशक्य होऊ शकते. म्हणून एकदा मूतखडा झालेल्याने तपासणी करून घेतल्याशिवाय एकट्याने उडू नये.

उतरल्यावरची कामे थोडी पण नेमाने करायची असतात. कॅथेटर कोमट पाण्याने ओले करून सावकाश काढावे, ओढून काढल्यास त्वचा सोलते. त्वचा धुऊन कोरडी ठेवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा उडायचे असेल तर रात्रभर तिला हवा लागू द्यावी. भुकटीच्या पिशव्या आणि डायपर कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावेत, शेतात उतरले असल्यास बरोबर घेऊन यावेत. विमानातल्या नळीतून लीटरभर स्वच्छ पाणी सोडावे, तिच्या तोंडामागचे कवच शेपटीपर्यंत ओल्या फडक्याने पुसावे आणि चाकाच्या खोबणीत पांढरे डाग दिसतात का ते बघावे. वार्षिक तपासणीच्या वेळी ही नळी आणि तिच्या आसपासचे धातूचे भाग तंत्रज्ञाला मुद्दाम दाखवावेत.